घोडी मोडली नव्हती

“दादानं मंगरुळाहून मोठ्या हौसेनं लोखंडी घोड्या करून आनल्या. त्याच्यातली एक पहिल्याच दिवशी कटकन मोडली, जीप बसली, आन् मी जर दादाचे पाय धरून त्याले बाहीर ओढलं नसतं, तं आज हा हार आपन कोनाच्या गळ्यात घातला असता, सांगा बरं?”

हे उद्गार माझ्या धाकट्या भावाचे. माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला घरच्यांनी अंगणात मांडव घातला, ध्वनिक्षेपक आणला, आणि तो ध्वनिक्षेपक सर्वांत आधी त्याच्या हाती लागला. मांडवभर माणसे हसली. मीही दात दाखवले, कारण ज्याच्या गळ्यात हार आहे त्याला भर सभेत भांडता येत नाही. सत्काराची खरी अडचण हीच असते. परंतु त्या मांडवात एक मनुष्य हसला नाही. ज्या वेल्डरने त्या घोड्या बनवल्या, त्याचा तो थोरला मुलगा. बापाचे मंगरूळपीरचे दुकान आज तोच चालवतो, आणि माझ्याच आमंत्रणावरून तो आला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, टोपी सारखी केली आणि जेवायला न थांबता निघून गेला.

आता हार उतरला आहे आणि लेखणी हाती आहे. तेव्हा बोलतो.

भावाच्या त्या वाक्यातली हौस मला मान्य आहे. जीप बसली, हेही मान्य. ती बसताना मी सर्वांत जवळ होतो. पण घोडी मोडली हे धादांत खोटे आहे, आणि गेली पन्नास वर्षे प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ते सांगितले जात आहे. तो जे ओढण्याचे श्रेय घेतो त्याचा समाचार पुढे घेईन. या प्रकरणात मी मूर्ख ठरलो असेन, तर माझ्या स्वतःच्या मूर्खपणामुळे ठरलो. दुसऱ्याच्या वेल्डिंगमुळे नव्हे. माझ्या मूर्खपणाचे श्रेय मी कोणाला वाटून देणार नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाडी जॅकने उचलल्यावर तिच्या चॅसीखाली जो लोखंडी टेकू लावतात, त्याला गॅरेजवाले घोडी म्हणतात. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्याच्या वायसरातून तेल झिरपते आणि गाडी न सांगता खाली येते. म्हणून उचलायचे जॅकने आणि ठेवायचे घोडीवर. हा नियम मला ठाऊक होता, आणि मला ठाऊक असलेला नियम मी एकट्यापुरता कधीच ठेवला नाही.

तेव्हा आमचा जिल्हा अकोला होता. गाव मंगरूळपीर-मानोरा रस्त्याच्या कडेला. मी शाळेत शास्त्र शिकवत असे आणि भाऊ शेती पाहत असे. एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचे सामान लिलावात निघाले, त्यात आम्ही दोघांनी मिळून एक जुनी जीप घेतली. ती चालत असे. फक्त कधी चालावे हे ती स्वतः ठरवत असे. जऊळक्याच्या स्टेशनवरून पाहुणे आणावेत, बाजारच्या दिवशी सवाऱ्या भराव्यात, असे भावाचे बेत होते. माझा बेत वेगळा होता. ती जीप मी माझ्या हातांनी, घरच्या अंगणात, शास्त्रोक्त पद्धतीने दुरुस्त करणार होतो. माझ्यापाशी एक इंग्रजी पुस्तिका होती आणि तिच्यातल्या आकृत्यांवर माझा नितांत विश्वास होता.

त्या उन्हाळ्यात मागच्या डाव्या स्प्रिंगच्या पाट्याचा मधला बोल्ट तुटला. तो बदलायचा तर मागची चाके काढून, चॅसी अधांतरी ठेवून, खाली शिरावे लागते. भावाने ताबडतोब उपाय सुचवला.

“बाभळीचा ठोकया हाय ना गोठ्यात. एकीकून तो लाव, एकीकून उखय उलथं करून लाव. झालं!”

“उखळ?” मी म्हणालो. “ज्यात आई मिरच्या कांडते, त्याच्यावर मी जीव ठेवू?”

“मंग इटा लाव. मानोऱ्यात सारे इटाच लावतेत.”

विटांचे नाव काढल्यावर मी त्याला उभ्याउभ्या व्याख्यान दिले. वीट तुटताना पूर्वसूचना देत नाही, दगड घसरतो, लाकडाला आतून वाळवी असते आणि ती बाहेरून दिसत नाही. मानोऱ्याच्या एका ट्रकवाल्याने विटांवर ट्रक ठेवला आणि खाली शिरला. तो वाचला, पण पुढचे सगळे आयुष्य त्याचा एक खांदा खाली राहिला. याची मी त्याला आठवण करून दिली. भाऊ म्हणाला, “त्याचा खांदा तं आदीपासूनच तसा होता.” माझ्या भावाला प्रत्येक गोष्टीची स्वतःची आवृत्ती असते, याचा हा पुरावा मी येथेच नोंदवतो.

मी मंगरूळपीरला गेलो. बसस्टँडच्या बाजूला त्या वेल्डरचे दुकान होते. धिप्पाड मनुष्य, माझ्याएवढाच अभिमानी आणि माझ्याहून मोठ्या आवाजाचा. आलेखाच्या कागदावर काढलेली माझी आकृती त्याने काळ्या चष्म्यातून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली.

“हे घोडी हाय का ताजमहाल, मास्तर?”

“घोडी आहे. पण कायमची.”

हा शब्द त्याला आवडला. आम्ही दोघे दुपारभर त्या घोडीवर भांडलो आणि ते माझ्या आयुष्यातल्या सुखद भांडणांपैकी एक होते. त्याला तीन पाय हवे होते, मला चार. तीन पायांवर माझा विश्वास नव्हता, कारण एक घसरला की उरतात दोन. तो कबूल झाला. त्याला पाइप हवा होता. मी जाड अँगलचा आग्रह धरला. वर खोबण हवी, म्हणजे चॅसी सरकत नाही. उंची कमीजास्त करायला नळीत नळी आणि आरपार पोलादी खीळ हवी. आणि तळ माथ्याहून चांगला रुंद हवा. हे सगळे मी सांगितले आणि ते सगळे आजही बरोबर आहे. घरी गाडीखाली शिरणाऱ्या कोणालाही मी तेच सांगेन.

मग पायांच्या टोकांचा विषय निघाला. मी म्हणालो, टोके अणकुचीदार असावीत, म्हणजे जमिनीत रुततील आणि घसरणार नाहीत. त्याने मान डोलावली.

“टोकदार पायानं नजाकत बी येते,” तो म्हणाला. त्याने सगळी टोके ग्राइंडरवर भाल्यासारखी काढली. आम्ही दोघे थोडे मागे सरकून ती पाहत राहिलो. फार सुंदर दिसत होती.

वाचकांनी येथे जरा थांबावे. मी शास्त्राचा शिक्षक होतो. नववीच्या वर्गाला दरवर्षी मी शिकवत असे, की वजन तेवढेच असले तरी ते जितक्या कमी जागेवर पडेल तितका दाब अधिक. उंटाचे पाऊल रुंद असते म्हणून तो वाळूत रुतत नाही. नांगराचा फाळ टोकदार असतो म्हणून तो जमिनीत शिरतो. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवत असे, आणि ज्याला कळत नसे त्याला अंगठे धरून उभे करत असे. आणि मीच जीपला उंटाऐवजी नांगराचे पाय दिले.

परीक्षा मात्र आम्ही कडक घेतली. चार घोड्यांवर त्याने एक जाड फळी टाकली. समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले एकूण एक गिऱ्हाईक त्याने हाका मारून बोलावले आणि फळीवर चढवले. कपबशी हातात धरूनच ते चढले. शेवटी टपरीवाला स्वतः चढला. फळी वाकली, पण घोडी हलली नाही.

“नाचा!” वेल्डर ओरडला. ते नाचले. कोणाचा तरी चहा माझ्या सदऱ्यावर सांडला. घोडी हलली नाही. दुकानातली फरशी दगडी होती, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

घोड्या बसच्या टपावर टाकून गावी आणल्या. अंगणात एक मोठा कडुलिंब होता आणि दुपारची सावली त्याच्याच खाली, म्हणून जीप तेथे लावली. अंगणाचा पुढचा भाग मुरमाचा. लिंबाखालचा मात्र निव्वळ काळ्या मातीचा. वऱ्हाडात ज्याचा जन्म गेला त्याला काळी माती उन्हाळ्यात काय करते हे सांगावे लागत नाही. ती हातभर रुंद फाटते. आमच्या लिंबाखालीही ती दरवर्षी फाटत असे. पण कोंबडीची पिल्ले भेगेत पडतात म्हणून आई त्या भेगांत भुसा आणि काडीकचरा भरी आणि वरून शेणाने सारवून टाकी. वरून पाहिले तर जमीन आरशासारखी. मोटार उभी राहणार म्हणून त्या सकाळी तिने ती पुन्हा एकदा सारवली होती.

शेजारच्या एका गृहस्थांनी नारळ फोडण्याचा सल्ला दिला. आमच्या घराने धम्म स्वीकारल्यापासून असल्या गोष्टी बंद होत्या. मी त्यांना तेथेच तर्कशुद्ध उत्तर दिले. जीप बसल्यावर नारळ फोडला नाही म्हणून ती बसली, अशीही एक आवृत्ती काही काळ गावात चालली. तिची दखल घेण्याचे कारण नाही. ती सांगणाऱ्यांची स्वतःची मोटारसायकल नारळ फोडूनच विहिरीत गेली होती.

जीपचा मागचा भाग जॅकने उचलला. दोन्ही बाजूंना एकेक घोडी लावली, जॅक काढला, चाके काढली. मी जीप हलवून पाहिली. हलली नाही. मग मी गोणपाट अंथरले आणि पाठीवर सरकत आत गेलो. भाऊ बोल्ट खोलायचे पाने घेऊन बाहेर बसला. आई ओट्यावर तूर पाखडत होती आणि माझी पत्नी दारात उभी होती.

बोल्ट अर्धा निघाला असेल-नसेल, तोच भाऊ म्हणाला, “दादा, बाहीर ये.”

“काहून?”

“डाव्या अंगाची घोडी कलून राह्यली.”

“घोडी कलत नसते. तुही मान वाकडी असंल.”

“अरे दादा, खाली चालली ना ते! शेणाले चीर गेली.”

येथे सुज्ञ मनुष्य बाहेर आला असता. मी वाद सुरू केला. जीपखाली उताणा पडून, डोळ्यांत माती जात असताना, मी त्याला अँगलची जाडी, खिळीचे पोलाद आणि तळाची रुंदी क्रमाने समजावून देऊ लागलो. आई म्हणाली, “ये ना बाप्पा बाहीर, तो म्हन्ते तं.” मी आईलाही समजावले. मंगरुळातली अख्खी चहाची टपरी या घोडीवर नाचली आहे, ही गोष्ट मी पुनःपुन्हा सांगितली. माझ्या डोक्याजवळ काहीतरी कुरकुरले. तो लिंबाच्या फांदीचा आवाज असावा असे मी ठरवले.

तेव्हा माझी पत्नी, जी तोवर एक अक्षर बोलली नव्हती, दारातूनच म्हणाली:

“अवो, ते मानसं नाचले तं फरशीवर नाचले का मातीवर?”

  आपल्याकडे उत्तर नाही हे मान्य करण्याची माझ्या तोंडाला सवय नव्हती. आणि उताणे पडून, हात अडकलेले असताना, माणसाला ठासून बोलता येत नाही. बोट उगारायला जागा लागते. तिला समोरासमोर निरुत्तर करावे म्हणून मी पाठीवर सरकत बाहेर आलो, मुरमावर उठून बसलो, तर्जनी वर केली आणि म्हणालो, “असं पाह्य—”

आणि जीप बसली. फार मोठा आवाजही झाला नाही. डावी घोडी शेणाच्या सारवणातून, भुशातून, सरळ भेगेत उतरली. जीप डावीकडे कलली, उजव्या घोडीवरून घसरली, आणि जेथे माझी छाती होती तेथे चॅसी टेकली. गोणपाट दिसेनासे झाले. माझी तर्जनी वरच राहिली होती.

माझ्या भावाचा पराक्रम आता घडला. जीप बसलेली पाहताच त्याने किंकाळी फोडली, धावत आला, आणि बाहेर सुखरूप बसलेल्या माझे दोन्ही पाय धरून त्याने मला अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेले. मी ओरडत होतो, “मी बाहेर आहे! मी बाहेर आहे!” त्याला ते ऐकू गेले नाही. त्या मुरमावर माझी पाठ सोलून निघाली. त्या दिवशी मला झालेली ती एकमेव इजा होय, आणि ती मला वाचवणाऱ्याने केली. तो जेव्हा सांगतो की मी दादाचे पाय धरून ओढले, तेव्हा तो खोटे बोलत नाही. फक्त कुठून ओढले ते सांगत नाही.

रात्री हळद लावताना मी पत्नीला विचारले, माती भुसभुशीत आहे हे तुला कसे कळले?

“मले कायचं कयते मातीचं न् लोखंडाचं,” ती म्हणाली. “तुमी हाका मारून बाहीर येत नाई, वादाले येता. म्हून वाद काढला.”

हे मी पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगितले नाही. आता ती नाही, आणि श्रेय ज्याचे त्याला गेले पाहिजे.

बातमी मात्र दुसऱ्या दिवशी मंगरूळपीरच्या बाजारात पोहोचली, आणि पोहोचताना तिने भावाचे शब्द घेतले: मास्तरची घोडी मोडली. ज्यांनी फळीवर नाच केला होता, त्यांनीच ती वेल्डरला सांगितली. त्याच्याकडे बैलगाडीचा आस सांधायला आलेला एक शेतकरी आस उचलून परत घेऊन गेला. वेल्डर तसाच सायकलीवर बसला आणि भर उन्हात आमच्या दारात उतरला. पाणीही घेतले नाही.

“मास्तर, माह्या घोडीची इज्जत काढली तुमी. कोठी मोडली? दाखवा मले!”

“मोडली नाही. गेली.”

“कोठी गेली?”

मी बोटाने भेग दाखवली. तो वाकून पाहत राहिला. मग आम्ही सब्बल घेऊन खणायला लागलो. प्रथम माझ्या पत्नीचा हरवलेला वरणाचा डाव निघाला, ज्यावरून तिचे आणि आईचे दोन महिने जमत नव्हते. नंतर घोडी निघाली. त्याने ती धुतली, उन्हात धरली, प्रत्येक सांधा हातोडीने वाजवून पाहिला. केसाएवढीही चीर नव्हती. मग त्याने मान वर केली, आणि ज्या वादाची मला भीती होती तो सुरू झाला.

“टोकं तुमी सांगतले!”

“नजाकत तू म्हणालास!”

“तुमी शास्तर शिकवता ना पोट्ट्याईले?”

“तू लोखंडात जन्म काढलास ना?”

आई म्हणाली, “चा घ्या आदी, मंग भांडा.” आम्ही चहा घेतला आणि मग भांडलो. शेवटी त्याने चारही घोड्या परत नेल्या आणि प्रत्येक पायाखाली तळहाताएवढी जाड लोखंडी पट्टी सांधून दिली. “जोडे घातले हिच्या पायात,” तो म्हणाला. “आता सांगा साऱ्याईले, घोडी मोडली नवती.”

मी शब्द दिला, आणि पाळला. बाजारात, शाळेत, एसटीत, भेटेल त्याला सांगितले. पण माझी हकिकत सांगायची म्हणजे दाब, क्षेत्रफळ, काळी माती आणि भुसा हे सगळे यथाक्रम सांगावे लागे. ऐकणारा उंटापर्यंत येईतो उठून जाई. भावाला मात्र फक्त “कटकन” म्हणावे लागे. सत्याला लांबी असते, हे माझे दुर्दैव.

तो वेल्डर जाऊन बरीच वर्षे झाली. त्याचे दुकान चालले, पण गावातल्या लग्नात भाऊ बोलायला उठला की तो खाली पाहून पान लावत बसे, हे मी स्वतः पाहिले आहे. आता त्याच्या मुलालाही तेच करायला लावणे मला मंजूर नाही. म्हणून हे सर्व लिहून काढले, आणि याची पहिली प्रत मी स्वतः बसने मंगरूळपीरला घेऊन जाणार आहे.

माझा भाऊ हे वाचील आणि म्हणेल, दादाचे वय झाले, कोणी साक्षीदार राहिला नाही, आता तो काहीही लिहील. खरे आहे. आई नाही, पत्नी नाही, वेल्डर नाही. जीपसुद्धा भंगारात गेली. पण घोड्या आहेत. मी गाडीखाली शिरण्याचे सोडल्यावर त्या गोठ्यात पडून होत्या. भावाने सिमेंटचे घर बांधले, तेव्हा मला न विचारता त्याने त्या उचलून नेल्या. तेव्हा मी काही बोललो नाही. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून ही गोष्ट राखून ठेवली होती.

ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी त्याच्या गच्चीवर जावे. पायात लोखंडी जोडे घातलेल्या घोड्या मोजाव्यात. त्या चारच्या चार आहेत, अंगाला कुठेही मोडून सांधल्याची खूण नाही. त्यांच्यावर त्याची पाण्याची टाकी काठोकाठ भरून उभी आहे, आणि त्या टाकीच्या बरोबर खालच्या खोलीत माझा भाऊ गेली तीस वर्षे रोज रात्री निर्धास्त झोपतो.